तांबडी वाट

उट्रेख्त हे नाव मराठी माणसाला जड जाऊ नये. शेवटचा 'ख्त' घशातून खरवडून काढावा लागतो आणि इंग्रजी बोलणाऱ्यांची तिथे त्रेधा उडते. आपल्याला 'तख्त' आणि 'वख्त' यांचा सराव आहे. हॉलंडच्या नकाशात हे शहर बरोबर मध्यावर, बेंबीच्या जागी आहे. खरे म्हणजे देशाचे नाव नेदरलँड्स. हॉलंड हे त्यातल्या बारा प्रांतांपैकी दोन प्रांतांचे नाव, आणि गंमत अशी की उट्रेख्त त्या दोहोंपैकी एकातही नाही. पण आपल्याकडे शाळेतल्या भूगोलापासून हॉलंडच तोंडात बसले आहे, तेव्हा मीही तेच लिहितो. डच मंडळी दिवाळी अंक वाचीत नाहीत, हे एक बरे.

पाहुण्याने पाहावे असे इथे पुष्कळ आहे. डोम चर्चचा ११२ मीटर उंचीचा मनोरा आहे. १६७४ च्या वादळात चर्चचा मधला भागच कोसळला. तेव्हापासून मनोरा एकीकडे आणि उरलेले चर्च दुसरीकडे, वाटण्या झालेल्या भावांसारखे वेगवेगळे उभे आहेत. जुना कालवा आहे, त्याच्या पाण्यालगत तळघरे आहेत, आणि एके काळी माल साठवण्यासाठी बांधलेल्या त्या तळघरांतून आता लोक कॉफी पीत बसतात. या साऱ्यांची वर्णने इतरत्र भरपूर मिळतील. मला लिहायचे आहे ते जमिनीपासून चार बोटे उंच असलेल्या एका दगडी कडेविषयी.

आमचे मेहुणे गेली सहा वर्षे नोकरीनिमित्त तिथे आहेत. शहराच्या पश्चिमेला, मोठ्या कालव्यापलीकडे, लाइडशे राइन नावाची नवी वस्ती आहे. तिथे त्यांचे बिऱ्हाड. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी, सौभाग्यवती आणि आमची अकरा वर्षांची कन्या असे तिघे तीन आठवडे त्यांच्याकडे राहिलो. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा दप्तर पाठीला लावून खाली उतरला. वय वर्षे नऊ. त्याने सायकल काढली, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या दोन मित्रांना हात केला आणि तिघे दिसेनासे झाले. खिडकीतून हे पाहणारी त्याची आत्या चरकली.

"वहिनी, त्याला पोचवायला कोणी जात नाही?"

"कशाला? रस्ता आहे ना," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पोळी उलटली.

हे उत्तर माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिले. पुण्यात आम्ही कन्येला सायकलने शाळेत पाठवीत नाही आणि कोणी विचारले तर आमचेही उत्तर तेच असते: मध्ये रस्ता आहे ना! शब्द तेच, फक्त सूर निराळा. या दोन सुरांमधले अंतर कशाचे, ते पाहण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी भाच्याच्या मागोमाग निघालो.

मला मिळाली ती सायकल आजीची. तिकडे तिला म्हणतातच 'ओमाफिट्स', म्हणजे आजीची सायकल. काळी, वजनदार, हँडल मागे वळलेले. बसणारा ताठ बसतो, सिंहासनावर बसल्यासारखा. ब्रेक हाताला नाही, पायडल उलटे दाबले की सायकल थांबते. दोन दिवसांत सवय झाली. मुलांना पुढच्या लाकडी खोक्यात बसवून नेणाऱ्याही सायकली असतात. पेटीतल्या आंब्यांसारखी दोन-तीन पोरे त्यात दाटीने बसलेली असतात, आणि आई पायडल मारता मारता त्यांची भांडणे सोडवीत असते.

वस्तीतल्या लहान रस्त्यांवर सायकलींसाठी वेगळी सोय काहीच नव्हती. तिथे मोटारींना ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे आणि रस्ता मुद्दाम इतका अरुंद, विटांचा आणि वळणांचा केलेला आहे की जोरात हाकण्याची इच्छाच होऊ नये. काही रस्ते तर सबंध तांबडे आहेत, आणि त्यांच्या तोंडाशी पाटी असते: मोटार इथे पाहुणी आहे. पाहुण्याने जसे घरच्यांच्या कलाने वागावे तसे मोटारीने सायकलींच्या मागून हळू यायचे. ही पाटी मला फार आवडली. आपल्याकडे मोटार जावयासारखी येते.

मोठा रस्ता लागला की मात्र सगळा कारभार बदलतो. तिथे मोटारी ५० च्या वेगाने जातात, बसेस असतात, मालमोटारी असतात. आणि त्या वेगाच्या शेजारी नऊ वर्षांच्या मुलाला केवळ चुन्याच्या रेघेच्या भरवशावर सोडायचे नाही, हे तिथल्या अभियंत्यांनी ठरवून टाकले आहे. म्हणून मोटारीचा रस्ता संपतो, मग गवताची पट्टी किंवा दगडी कड येते, तिच्या पलीकडे दोन-सव्वादोन मीटर रुंदीची तांबडी वाट, आणि तिच्याही पलीकडे, आणखी एक पायरी वर, पायी चालणाऱ्यांचा फुटपाथ. तांबडा रंग वरून फासलेला नसतो, डांबरातच मिसळलेला असतो. म्हणून तो दोन पावसाळ्यांत धुऊन जात नाही. मोटारी उभ्या करायच्या त्या रस्ता आणि तांबडी वाट यांच्या मध्ये, म्हणजे उभी मोटार हीच सायकलवाल्याची भिंत होते; आणि मोटारीचे दार उघडले तरी ते कोणाला लागू नये म्हणून मध्ये हातभर जागा सोडलेली असते. बसचा थांबा आला की वाट थांब्याच्या मागून वळसा घालते. बस सायकलीला कधी कडेला रेटीत नाही आणि सायकल बसला अडवीत नाही.

पण खरी अक्कल लावली आहे ती चौकात. सरळ रस्त्यावर सायकलवाल्याला तसा धोका कमी. घात होतो तो वळणावर. आपल्याकडे कसे होते पाहा. सिग्नल सुटतो, ट्रक डावीकडे वळतो, त्याच्या डाव्या अंगाला असलेला सायकलवाला ड्रायव्हरला दिसतच नाही, आणि पुढचे चाक वळले तरी मागचे चाक कोपरा कापून जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. डच चौकात चारी कोपऱ्यांवर भाकरीच्या चतकोराएवढ्या आकाराची, म्हणजे चतकोराच्या घाटाची, एकेक दगडी बेटे असतात. वळणाऱ्या वाहनाला हा चतकोर चुकवून जावे लागते, त्यामुळे त्याचा वेग आपोआप मोडतो. शिवाय सायकलींची चौक ओलांडण्याची जागा मुख्य रस्त्यापासून एक मोटार मावेल इतकी आत घेतलेली असते. वळलेली मोटार त्या मोकळ्या जागेत येते तोवर तिचे तोंड सायकलवाल्यासमोर आलेले असते. ड्रायव्हरला मान मागे वळवून बघावे लागत नाही, समोरच्या काचेतूनच पोर दिसते. तिने तिथे थांबायचे. मागच्या रहदारीला त्याचा अडथळा होत नाही. सायकलवाल्यांची थांबण्याची रेघ मोटारींच्या रेघेच्या पुढे असते, आणि त्यांचा सिग्नल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, वीतभर आकाराचा, खेळण्यातल्यासारखा.

लहान गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे आणखी एक युक्ती आहे. आपल्याकडे फुटपाथ तिथे तुटतो, चालणारा खाली उतरतो, गल्ली ओलांडतो, पुन्हा वर चढतो. तिथे फुटपाथ आणि तांबडी वाट तुटतच नाहीत. सलग, त्याच उंचीने गल्लीवरून जातात. चढायचे-उतरायचे ते मोटारीने. उंबरठा कोणाच्या वाटेत घातला आहे यावरून घर कोणाचे ते कळते.

भाचा हे सर्व करीत असताना मित्राशी फुटबॉलविषयी वाद घालीत होता. दोघे शेजारी शेजारी चालले होते, कारण वाट तेवढी रुंद होती. मला वाटते, हा सबंध व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण आहे: तिच्यावरून जाणाऱ्याला तिची आठवण राहत नाही.

शहरात गेलो तेव्हा मोठा कालवा ओलांडायला २०१७ साली बांधलेला पूल लागला. तो केवळ सायकलींचा आणि पादचाऱ्यांचा आहे. उट्रेख्तच्याच डाफ्ने स्खिपर्स या धावपटू मुलीचे नाव त्याला दिले आहे. जागा अपुरी होती आणि पुलावरून खाली उतरणारी वाट तर लांब हवी होती, म्हणून ती वाट एका शाळेच्या छपरावरून वळवून आणली आहे. खाली वर्ग चालू, वर सायकली चालू. पुढे शहराच्या मध्यभागी फ्रेडेनबुर्ख नावाचा रस्ता आहे. त्याच्यावरून दिवसाला तीस हजारांवर सायकली जातात म्हणतात, आणि संध्याकाळी पाच वाजता ते खरे वाटते. आणि रेल्वे स्टेशनाखाली २०१९ मध्ये पुरा झालेला तीन मजली सायकलतळ आहे: १२,५०० सायकलींचा, जगातला सर्वांत मोठा. आत सायकलवर बसूनच जायचे, हिरव्या-तांबड्या आकड्यांवरून रिकामी जागा शोधायची, आणि जिन्याने वर आले की आगगाडीचा फलाट. पहिले चोवीस तास फुकट. मी तिथे अर्धा तास नुसता उभा होतो. सूटबूट घातलेले गृहस्थ, झाडलोट करणाऱ्या बाया, प्राध्यापक, गर्भारशी, पाठीवर सतार नव्हे पण त्याहून मोठे वाद्य बांधलेला एक विद्यार्थी, सगळे त्याच वाटेने येत होते. २०१० ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेले मार्क रुट्टे कामावर सायकलने जात, याचे तिथे कोणाला कौतुक नाही. हेल्मेट जवळजवळ कोणीच घालीत नाही.

हे पाहून आपल्याकडचा मनुष्य म्हणतो, "त्यांची संस्कृतीच तशी. त्यांच्या रक्तातच शिस्त." मीही हे वाक्य अनेकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते खोटे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शिस्त रक्तात असती तर दगड कशाला बसवावे लागले असते?

इतिहास असा. सायकलवाट तिथे जुनीच. देशातली पहिली सायकलवाट याच उट्रेख्तमध्ये, मालिबान नावाच्या झाडांच्या रस्त्यावर, १८८५ मध्ये झाली. पण महायुद्धानंतर पैसा आला, मोटारी आल्या, आणि १९५० पासून पंचवीस वर्षांत सायकली झपाट्याने ओसरल्या. सायकल म्हणजे गरिबाचे वाहन, मोटार म्हणजे प्रगती. शहरे मोटारीच्या मापाने कापायला काढली. १९५८ मध्ये फॉइख्टिंगर नावाच्या जर्मन तज्ज्ञाने उट्रेख्तला सल्ला दिला की शहराभोवतीचा जुना खंदक बुजवा आणि त्यावर मोटाररस्ता करा. सगळा खंदक बुजला नाही, लोकांनी आरडाओरडा केला. पण १९७० च्या सुमारास त्याचा एक मोठा तुकडा बुजवून त्यावर खरोखरच मोटारींचा हमरस्ता झाला. ॲमस्टरडॅममध्ये १९६७ साली योकिनेन नावाच्या एका अमेरिकन तज्ज्ञाने जुन्या वस्त्या पाडून शहराच्या पोटात मोटाररस्ते घुसवण्याचा आराखडा मांडला होता. तज्ज्ञ सगळीकडे सारखेच.

आणि माणसे मरू लागली. १९७१ साली हॉलंडमध्ये रस्त्यावर तीन हजारांहून अधिक लोक मेले, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. १९७२ मध्ये मृतांचा आकडा ३,२६४ झाला. त्या वेळी देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या थोडी वर. म्हणजे लाखामागे चोवीस माणसे. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. आकडा वाचवत नाही, पण लाखामागे हिशेब केला तर तो बाराच्या आसपास येतो. १९७२ चे हॉलंड आजच्या भारताच्या दुप्पट वाईट होते! संस्कृतीची गोष्ट सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

फिक लांगेनहॉफ नावाचे एक पत्रकार होते. त्यांची सहा वर्षांची मुलगी १९७१ मध्ये सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली गेली. पुढच्या वर्षी त्यांनी 'डे टेइट' या वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्याचा अर्थ होता: बालहत्या थांबवा. अपघात नव्हे, हत्या. एका शब्दाच्या निवडीने केवढा फरक पडतो ते भाषा शिकवणाऱ्या माणसाला निराळे सांगायला नको. 'अपघात' म्हटले की दैवाकडे बोट जाते, 'हत्या' म्हटले की प्रश्न उभा राहतो: कोणी केली? त्या मथळ्याचीच चळवळ झाली. आया मुलांना घेऊन रस्त्यात बसल्या, पोरांनी रस्ते अडवून खेळ मांडले. १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा आला, नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि लोकांना आपल्याच रस्त्यांची शांतता ऐकू आली. १९७५ मध्ये सायकलवाल्यांची देशव्यापी संघटना निघाली. हेग आणि टिलबुर्ख या शहरांत सरकारी खर्चाने नमुन्याच्या सायकलवाटा बांधल्या. हेगमध्ये व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला, गिऱ्हाईक तुटेल म्हणाले. आणि त्या नमुन्याच्या वाटांतून एक धडा मिळाला जो आपल्या फार कामाचा आहे: एक सुटी वाट कितीही देखणी असली तरी तिच्यामुळे नवे लोक सायकलवर बसत नाहीत. कारण माणूस घरापासून कचेरीपर्यंत जातो. मधल्या नमुन्यापुरता जात नाही. मग १९८० च्या दशकात डेल्फ्ट गावाने सबंध जाळेच विणले, आणि तिथे सायकली वाढल्या.

२०२२ मध्ये हॉलंडमध्ये रस्त्यावर ७४५ माणसे मेली. मोटारी १९७२ पेक्षा कितीतरी अधिक, मृत्यू चौथाईहून कमी. सगळे श्रेय तांबड्या वाटेला देणे बरोबर नाही. पट्टे आले, दारूबंदीचे कायदे कडक झाले, इस्पितळे सुधारली. कायदाही असा आहे की मोटार आणि सायकल यांची टक्कर झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची, आणि मूल चौदा वर्षांखालचे असले तर जवळजवळ पुरी त्याचीच. हेही लिहिले पाहिजे की त्या ७४५ पैकी २९१ सायकलवाले होते. त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. विजेवर चालणाऱ्या सायकलींनी सत्तरीच्या पायांना पंचविशीचा वेग दिला आहे, पण पडल्यावर हाडे सत्तरीचीच असतात. जाड टायरांच्या विजेच्या सायकलींवरून भरधाव जाणाऱ्या पोरांविषयी तर मेहुणे ज्या स्वरात बोलतात तो ऐकून मला सदाशिव पेठेत असल्यासारखे वाटले. स्वर्ग नाही तो. पण नऊ वर्षांचे पोर तिथे एकटे शाळेत जाते.

१९६५ ची एक गोष्ट मला तिथे वाचायला मिळाली. ॲमस्टरडॅममध्ये काही बंडखोर तरुणांनी सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, रस्त्यावर ठेवल्या: ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झाले की सोडून द्यावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण काय, तर सायकल कुलपाशिवाय ठेवणे कायद्याने गुन्हा! हे वाचताना मला २०१७-१८ चे पुणे आठवले. पिवळ्या, केशरी, रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली तेव्हा चौकाचौकांत आल्या, फोनवरून उघडायच्या. हौशी लोकांनी आठवडाभर चालवल्या, मग काही मोडल्या, काही नदीकाठी सापडल्या, आणि काही वर्षांतच सगळ्या नाहीशा झाल्या. पुणेकरांच्या बेशिस्तीवर तेव्हा बरेच लेख आले. पण दोन्ही शहरांत उणीव सायकलींची नव्हतीच. सायकल फुकट मिळाली म्हणून कोणी मालमोटारीशेजारून चालवायला धजत नाही.

एका रविवारी कन्येने पुण्याला आजोबांना फोन लावला आणि चालता चालता त्यांना सगळे चित्र दाखवले. माझे वडील आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. नारायण पेठेतून खडकीच्या कारखान्यात ते सत्तावीस वर्षे सायकलने गेले. त्या काळच्या पुण्याला सायकलींचे शहर म्हणत ते उगाच नव्हे. पाळी सुटली की खडकीहून सायकलींचा लोंढा निघे आणि त्याच्यापुढे एखाद-दुसरी मोटारच बिचकून बाजूला उभी राही. बिल्ला नसला तर दंड, बत्ती नसली तर पोलीस चाकातली हवा सोडी, डबलसीट दिसले की शिट्टी. १९७२ मध्ये लूना आली, मग स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून लोक बसले. रस्ते रुंद झाले. रुंद झाले म्हणजे फुटपाथ अरुंद झाले. पुण्यात सायकल कोणी हुकूम काढून बंद केली नाही. ती घराघरांत, एकेका आईच्या तोंडून बंद झाली. २०१८ मध्ये शहरातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या माणसांच्या संख्येपुढे गेल्याची बातमी आली तेव्हा ती कोणालाच बातमी वाटली नाही.

तर आजोबांनी फोनवर ती वाट बराच वेळ पाहिली. कालवा, पूल, ट्यूलिप यांच्याबद्दल एक शब्द नाही.

"त्या कडेला दगड आहे का गं?" त्यांनी विचारले.

"हो आजोबा. एवढा." तिने चार बोटे दाखवली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "जाऊ द्या तिला."

आपल्याकडे हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांची कारणे मला पाठ झाली आहेत. ऊन? पाळीवाल्यांच्या डोक्यावर तेव्हाही हाच सूर्य होता, आणि झाडे लावायला कोणी बंदी केलेली नाही. पाऊस? हॉलंडात वर्षभर टिपटिप चालू असते, आणि समोरून वारा असा येतो की सपाट रस्त्यावर कात्रजचा घाट चढल्यासारखे वाटते. जागा? पेठांतल्या रस्त्यांवर ती नाही हे मान्य. तिथे डचांनी वाट बांधली नसती, मोटारींचा वेग मोडला असता. पण सातारा रस्ता, कर्वे रस्ता, गणेशखिंड रस्ता यांना जागा नाही असे कोणी म्हणू नये. आणि पुण्यात सायकली संपल्या असे ज्यांना वाटते त्यांनी पहाटे साडेपाचला रस्त्यावर यावे. गवंडी, रंगारी, रखवालदार, इस्त्रीवाले, कंपनीच्या पाळीवर निघालेले कामगार: डबा हँडलला अडकवून ही माणसे रोज जातात, ती हौस म्हणून नव्हे. वाट बांधायची ती आधी यांच्यासाठी.

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. कागदावर तो चांगला आहे. त्याच्या आधीही आणि नंतरही ठिकठिकाणी सायकल ट्रॅक झाले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते तुकड्यातुकड्यांचे आहेत, एवढेच. आणि हेगच्या व्यापाऱ्यांनंतर पन्नास वर्षांनी आपण अजून तोच नमुना पाहत आहोत.

उट्रेख्तच्या बुजवलेल्या खंदकाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. २००२ मध्ये शहराने मतदान घेतले. मोटारींचा हमरस्ता उखडायचे ठरले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये खंदकाच्या त्या शेवटच्या तुकड्यात पुन्हा पाणी सोडले. आम्ही गेलो त्या दुपारी तिथे बदके होती आणि काठावरून सायकली चालल्या होत्या. पूर्वी तिथे काय होते ते मेहुण्यांनी जुना फोटो दाखवला तेव्हा कळले. नाहीतर कळले नसते.

परत आल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात कन्या आणि मी वही घेऊन घरापासून तिच्या शाळेपर्यंत चालत गेलो. अंतर पावणेदोन किलोमीटर. तिने पावले मोजली, मी लिहीत गेलो. पहिल्या भागात काहीच नाही. मग ३४० पावलांचा सायकल ट्रॅक, चांगला रुंद, दगडी कड असलेला; त्यावर अकरा स्कूटरी, एक नारळपाण्याची गाडी, आणि शेवटी विजेची डीपी, जिच्यापाशी ट्रॅक संपतो. पुढे चौक तीन. पहिल्या दोन चौकांत सिग्नल आहेत. तिसऱ्यात, जिथे मालमोटारी डावीकडे वळतात, तिथे नाही. वहीचे ते पान तिने आमच्या भागातल्या नगरसेवकाला द्यायचे म्हणून स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढले, चतकोराच्या आकाराची चार बेटे त्यात रंगवली, आणि ट्रॅक तांबडा केला.

तूर्त ती रिक्षाने जाते. रिक्षावाले काका पावणेसातला येतात आणि सात मुले बसवतात.